रंग वेगळा, मीठ वेगळे

यंदा मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम २७ फेब्रुवारीला आणि विज्ञान दिन २८ला, असे दोन्ही लागून आले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या सभागृहात आम्ही मुलांसाठी छोटे प्रदर्शन मांडले. एका टेबलावर पाण्याचे दोन पेले ठेवले होते. एकातले पाणी गडद गुलाबी, दुसऱ्यातले स्वच्छ, काचेसारखे. खाली पाटी होती : ‘यातले कोणते पाणी तुम्ही तुळशीला घालाल?’

मुलांनीच नव्हे, त्यांच्या आयांनी आणि आजोबांनीही बिनदिक्कत स्वच्छ पेल्याकडे बोट दाखवले. गुलाबी पेल्यात कपडे रंगवायच्या रंगाची चिमटीतली चिमूट, म्हणजे काही मिलिग्रॅम रंग होता. स्वच्छ पेल्यात १२ ग्रॅम मीठ विरघळवलेले होते. पेला २०० मिलिलिटरचा, म्हणजे लिटरला ६० ग्रॅमचे प्रमाण. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते पाणी तुळशीला रोज घातले असते तर आठवडाभरात वृंदावन रिकामे झाले असते.

या ६० ग्रॅमच्या आकड्यावरून नंतर चहाच्या वेळी बरीच चर्चा झाली. सुती कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून निघणाऱ्या रंगकुंडाच्या पाण्यात मिठाचे प्रमाण साधारण इतकेच असू शकते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटले. आपल्या मंडळात नंदेसरी, अंकलेश्वर, वापी इथल्या रंगकारखान्यांत नोकऱ्या करून निवृत्त झालेली बरीच मंडळी आहेत. त्यांना विचारून, थोडे वाचून आणि थोडे आमच्या आठवणीतून हा लेख तयार केला आहे. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले असेल तरी चालेल.

मीठ घालायचेच कशाला?

सुती धागा पाण्यात भिजला की त्याच्या अंगावर किंचित ऋण विद्युतभार येतो. सुतासाठी वापरले जाणारे बहुतेक आजचे रंगही पाण्यात विरघळल्यावर ऋणभारित असतात. त्यांच्या रेणूंना गंधकाचे असे गट मुद्दाम जोडलेले असतात, की ज्यामुळे ते पाण्यात विरघळावेत. आता दोन्ही ऋण, म्हणजे धागा रंगाला जवळ येऊ देत नाही. मीठ घातले की सोडियमचे धनभारित आयन मध्ये येतात, दोघांमधला दुरावा झाकला जातो आणि रंग पाणी सोडून धाग्याकडे वळतो. मग सोडा घालून पाणी अल्कधर्मी केले की रंगाचा रेणू धाग्याशी पक्का रासायनिक बंध जोडतो. याला रिअॅक्टिव्ह रंग म्हणतात. १९५६ साली ते पहिल्यांदा बाजारात आले आणि तेव्हापासून सुती कपड्यांचे लाल, काळे, निळे इतके टिकाऊ झाले, की पहिल्या धुण्यात सगळ्या बादलीभर कपड्यांना रंग लागण्याची जुनी भीती बरीच कमी झाली.

आता हिशेब पाहा. एक किलो कापडाला साधारण १० लिटर पाणी धरू. गडद छटेसाठी लिटरला ६० ग्रॅम मीठ. म्हणजे एक किलो कापडामागे ६०० ग्रॅम मीठ! यातले कापडात काहीही राहत नाही. मीठ फक्त मध्यस्थाचे काम करते आणि सगळेच्या सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. रंगाचेही तसेच. सगळा रंग धाग्याला धरत नाही. १५ ते ३० टक्के रंग सोड्याच्या पाण्यात पाण्याशीच बंध जोडून बसतो आणि कामातून जातो. तो धुलाईत निघतो.

रंग बनवणाऱ्या कारखान्यात गंमत उलटी असते. तिथे रंग तयार होतो तो पाण्यात विरघळलेल्या स्थितीत. तो बाहेर काढण्यासाठी जुनी पद्धत अशी, की हौदात मिठाची पोती रिकामी करायची. पाण्यात मीठ इतके होते की रंगाला विरघळून राहायला जागाच उरत नाही, तो साका होऊन खाली बसतो, मग फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याची ढेप काढायची. आमच्यातल्या एका काकांनी पंचवीस वर्षे हेच काम पाहिले. ते सांगतात, “पावडर किती आणि मीठ किती हे गिऱ्हाईक विचारीत नसे. आम्हीही सांगत नसू.” त्या ढेपेत भरपूर मीठ राहून जायचे आणि रंगाच्या भावाने विकले जायचे. आणि फिल्टर प्रेसमधून गळणारे पाणी? ते मीठ आणि उरलेला रंग घेऊन गटाराकडे.

रंगाचे शहर

वडोदऱ्याचे आणि रंगशास्त्राचे नाते नंदेसरीपेक्षा कितीतरी जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले तेव्हा तिथे रंगशास्त्र हा महत्त्वाचा विषय होता. त्याचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जर्मन कारखान्यांचे कृत्रिम रंग तेव्हा बाजारात उतरू लागले होते आणि आपल्या रंगाऱ्यांना ते वापरायचे कसे हे शिकवणारे कुणी नव्हते. गज्जरांनी शिकवले, रंगाईविषयी ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही चालवले. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी, हे आपण अभिमानाने सांगतोच. गज्जरांचे नाव मात्र आपल्या पुढच्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

त्यांची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो शहराला भेट दिला होता आपल्याच खंडेराव महाराजांनी. १८९६ साली एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. पुढे दामोदर चापेकरांनी ते आपले काम असल्याचे सांगितले. संगमरवरात मुरलेला तो काळा डाग काही केल्या निघेना. तो काढून दिला गज्जरांनी. बडोद्याच्या महाराजांचा पुतळा, पुण्याच्या चापेकरांचे डांबर आणि कलाभवनाच्या गज्जरांची रसायने! पुढे १९०७ साली प्रा. कोटिभास्कर आणि राजमित्र बी. डी. अमीन यांच्याबरोबर अलेंबिकच्या स्थापनेतही गज्जर होते.

तर रंग लावणे आणि रंग काढणे, दोन्ही या शहराला नवीन नाही. गज्जरांपुढे डाग होता तो डोळ्यांना दिसणारा. आजचा प्रश्न अर्धाच दिसतो.

आमच्यातल्या एका कुटुंबाची एका औद्योगिक वसाहतीजवळ शेती होती. गावाचे आणि वसाहतीचे नाव इथे घेत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बोअरच्या पाण्याला फिकट तांबूस छटा आली. तक्रारी झाल्या, माणसे आली, बाटल्या भरून गेली. वर्षभराने पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण वांगी धरेनात, मेथी पिवळी पडे, आणि पाऊस पडून गेला की रानात पाणी तसेच साचून राही. दादा म्हणाले, जमीन चोपण झाली. सोडियम जास्त झाला की काळ्या मातीचे कण सुटे होतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही. वाळली की तीच माती विटेसारखी होते. ती सुधारायला जिप्सम आणि कित्येक पावसाळे लागतात. रंग गेला होता, मीठ राहिले होते. त्यांनी शेवटी ती जमीन विकली.

असे का होते, ते समजण्यासारखे आहे. सांडपाण्यात चुना किंवा लोहाचे क्षार घातले की रंगाचा गाळ बसतो. ओझोन किंवा ब्लीच सोडले की रंगाचा रेणू तुटतो आणि पाणी पांढरे दिसते. जिवाणूंच्या टाक्याही आपापले काम करतात. पण यातल्या कशानेही मीठ कमी होत नाही. चुन्याने आणि ब्लीचने तर क्षार वाढतात! मीठ ना कुजते, ना तुटते, ना तळाशी बसते. वडोदऱ्याच्या कारखान्यांसाठी १९८३मध्ये सुरू झालेला पंचावन्न किलोमीटरच्या आसपास लांबीचा कालवा प्रक्रिया केलेले सांडपाणी पादरा, जंबुसरच्या बाजूने मही नदीच्या मुखाशी नेतो. मिठाचे पाणी समुद्रापर्यंत पोचवायचे हा त्यामागचा विचार सरळ आहे. समुद्र जवळ नसेल तिथे काय करायचे?

तामिळनाडूतल्या तिरुपूरला हा प्रश्न भोवला. नोय्यल ही कावेरीची उपनदी. तिच्या काठी बनियन-टीशर्टचे गाव वाढले, रंगाईच्या शेकडो घरांचे खारे पाणी नदीत गेले, आणि खाली शेतीसाठी बांधलेले ओरतुपाळयम धरण सांडपाण्याची साठवण होऊन बसले. जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुन्हा सुरू व्हायचे तर थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट. हजारो माणसांचा रोजगार आणि हजारो एकर शेती, दोन्ही बाजूंनी पोटाचाच प्रश्न होता.

घरचा आरओ इथे का चालत नाही

आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी बदलतो, तेव्हा जुने फेकण्याआधी एकदा सुरीने कापून उलगडून पाहा. आम्ही प्रदर्शनात तसे उलगडून ठेवले होते. मध्ये भोके पाडलेली नळी, तिच्याभोवती गुंडाळलेली कागदासारखी पाने, दोन पानांमध्ये प्लॅस्टिकची जाळी. पानाच्या चकचकीत बाजूवर एक पातळ थर असतो. खरी गाळणी ती. बाकीचे सगळे तिला आधार द्यायला. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याच्याच आसपास जाड असतो.

अशी गाळणी बनवता येते हे १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी दाखवले. सौरीराजन आपल्या देशात शिकून तिकडे गेलेले. वरचा थर अगदी पातळ आणि घट्ट, खालचा जाड आणि सच्छिद्र, ही त्यांची युक्ती. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत मेम्ब्रेनवर बरेच काम झाले आहे. १९५४ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था. मीठ काढण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने पाण्यातून मीठ काढायलाही शिकावे, हे क्रमाने आलेच.

आता घरच्या आरओमधून रंगकुंडाचे पाणी का नाही काढायचे? आरओ रंग अडवतो आणि मीठही अडवतो. मीठ अडवले की एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला गोडे पाणी अशी स्थिती होते, आणि निसर्गतः गोडे पाणी खाऱ्याकडे ओढले जाते. मिठात ठेवलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटते ते याच ओढीने. ही ओढ उलटवायला दाब लागतो. लिटरला ६० ग्रॅम मीठ असेल तर नुसती बरोबरी साधायलाच ४५ ते ५० बार दाब हवा. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत हवेच्या वर जेमतेम १ बार दाब असतो. शिवाय इतके करून हाती काय? एका बाजूला शुद्ध पाणी, दुसऱ्या बाजूला रंग आणि मीठ यांचा आणखी घट्ट चिखल. दोन्ही एकत्र असल्याने तो ना रंग म्हणून विकता येतो, ना मीठ म्हणून वापरता येतो.

म्हणून इथे गाळणी थोडी सैल करतात. तिला नॅनोफिल्ट्रेशन म्हणतात. हे नाव १९८०च्या दशकातले. तिची छिद्रे साधारण एक नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाची. मीठ विरघळले की सोडियम आणि क्लोराइड असे सुटे आयन होतात. त्यांचे वजन अनुक्रमे २३ आणि ३५.५ एकक. ‘रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५’ हा जगभर खपणारा काळा रंग घ्या, त्याच्या रेणूचे वजन ९९० एककांच्या वर. मोहरी जाईल पण सुपारी जाणार नाही अशी चाळणी धरली की झाले. मीठ पाण्याबरोबर पलीकडे गेले, तर दोन्ही बाजूंचा खारेपणा जवळजवळ सारखा राहतो, ओढ राहत नाही आणि १०-२० बार दाबात काम भागते.

पण नुसते चाळणीचे उदाहरण पुरे पडत नाही. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरही ऋणभार असतो. रंगाचा रेणू मोठा आहेच, शिवाय त्याच्यावर तीन-चार ऋणभार. तो पृष्ठभागावरूनच मागे ढकलला जातो. क्लोराइडवर एकच भार, म्हणून त्याचे फारसे अडत नाही. याच्याही पुढची एक गोष्ट काकांनी सांगितली ती आम्हाला आधी खोटी वाटली. रंग अडकून मागे राहिला की भारांचा तोल राखण्यासाठी क्लोराइडला पलीकडे ढकलले जाते. त्यामुळे कधीकधी पलीकडच्या पाण्यात मीठ आतल्यापेक्षाही जास्त सापडते! १९११ साली डॉनन नावाच्या शास्त्रज्ञाने भारित रेणू आणि पडदे यांचा जो नियम मांडला, त्यातून हे निघते. रंगाची साथ असताना मीठ जास्त मोकळेपणाने जाते, म्हणजे दोघांना वेगळे करण्याच्या कामात रंग स्वतःच मदत करतो.

एक पेच मात्र आहे. रंगाईत सगळेच खायचे मीठ वापरत नाहीत. बरेच जण ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट वापरतात. सल्फेटवर दोन ऋणभार. साध्या नॅनोफिल्ट्रेशनचे मेम्ब्रेन त्याला जवळजवळ रंगाइतकेच अडवते आणि सगळा बेत फसतो. त्यासाठी आणखी सैल मेम्ब्रेन लागते. अशी मेम्ब्रेने आता मिळतात आणि त्यांच्यावर अजून पुष्कळ संशोधन चालू आहे, कारण सैल केले की बारीक रंग निसटतो आणि घट्ट केले की सल्फेट अडकते. म्हणून कारखान्यात जाणकार माणूस आधी ‘मीठ कोणते?’ हे विचारतो, ‘रंग कोणता?’ हे नंतर.

चीक आणि चक्का

रंग बनवणाऱ्या कारखान्याला रंगातून मीठ धुऊन काढायचे असते. त्याची रीत आपल्या घरात आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून वाटून चीक काढतो, तो खाली बसू देतो, वरचे पाणी ओततो, नवे पाणी घालतो, पुन्हा बसू देतो. चीक तेवढाच राहतो, आंबूस पाणी दर खेपेला पातळ होत जाते. मेम्ब्रेनवर हेच अखंड चालते. जितके खारे पाणी गाळणीतून जाईल तितके स्वच्छ पाणी वरून सोडत राहायचे. चीक तळाशी बसतो, रंग गाळणीमुळे मागे राहतो, एवढाच फरक.

१००० लिटर रंगाच्या पाण्यात ६० किलो मीठ आहे आणि ते विनाअडथळा जाते असे धरू. १००० लिटर पाणी सोडून झाले की २२ किलो उरते, २०००ला ८, ३०००ला ३, आणि ४००० लिटरला साधारण १ किलो. पहिल्या खेपेला ३८ किलो निघाले आणि चौथ्या खेपेला तेवढ्याच पाण्यात दोन किलोही नाही. आणि आता तुमच्याकडे ४००० लिटर कमी खारे पाणी जमले, त्याचे काय करायचे? म्हणून शहाणा माणूस आधी न धुता नुसते आटवतो. १००० लिटरचे २५० लिटर केले की ४५ किलो मीठ पलीकडे गेलेलेच असते. उरलेल्या १५ किलोसाठी १००० लिटर पाणी सोडले तर शेवटी पाव-अर्धा किलोच राहते. एकूण पाणी कमी, मीठ जास्त निघाले. असा मीठ काढलेला रंग मग उष्ण हवेत फवारून सुकवतात किंवा द्रवरूपातच विकतात. कापडावर छपाई करणाऱ्या इंकजेट यंत्रांच्या शाईला असाच निर्मळ रंग लागतो. मीठ राहिले तर शाईची तोंडे बुजतात आणि धातू गंजतो.

मग आणखी आटवावे, १०० लिटर करावे? इथे चक्का आठवा. दही फडक्यात बांधून टांगले की पहिल्या तासात पाणी भराभर गळते, मग थेंब थेंब, आणि रात्री उशिरा गळणे थांबल्यासारखे होते. फडके तेच असते, पण त्याला आतून दह्याचा थर बसलेला असतो. मेम्ब्रेनवरही रंगाचा थर साचतो. म्हणून पाणी गाळणीवर सरळ न दाबता तिच्या अंगावरून वेगाने वाहवतात, म्हणजे थर धुऊन निघत राहतो. गुंडाळीतल्या त्या प्लॅस्टिकच्या जाळीचे काम पाण्याला खळबळवत ठेवण्याचे. तरी द्रव काकवीसारखा घट्ट झाला की कितीही पळवा, गाळणी मंदावते. काका एका कारखान्यात नवीन संच बसला तेव्हाची हकिकत सांगतात. उत्पादन वाढवायच्या घाईत दाब वाढवला, दोन दिवस पाणी धो धो आले, तिसऱ्या दिवशी निम्मे. धुवायला कुणीतरी ब्लीच घातले. पॉलिअमाइडचे मेम्ब्रेन क्लोरीन सहन करीत नाही, हे डब्यावर लिहिलेले असते. आठवड्यात सगळा संच बाद.

कापड रंगवणाऱ्या कारखान्यात गणित निराळे. तिथे पाण्यात उरलेला रिअॅक्टिव्ह रंग कामातून गेलेला असतो, तो पुन्हा धाग्याला धरणार नाही. त्यामुळे ‘रंग परत मिळतो’ असे जे जाहिरातीत म्हणतात, ते या रंगांबाबत खरे नाही. डेनिमच्या निळीचे निराळे. ती हवेत पाण्यात न विरघळणारी होते आणि गाळणीवर अडवून खरोखर परत वापरता येते. रिअॅक्टिव्हच्या बाबतीत वाचते ते मीठ आणि पाणी. गाळणीपलीकडे येते ते फिकट, लिटरला ५०-६० ग्रॅमचे तयार मीठपाणी. तेच पुढच्या कुंडात वापरायचे. तिरुपूरला याच मार्गाने मीठपाणी पुन्हा रंगाईला वापरू लागले.

ते जितके सोपे वाटते तितके नाही. कुंडातून निघणारे पाणी ६० अंशांवर किंवा त्याहून गरम असते आणि नेहमीच्या मेम्ब्रेनची मर्यादा साधारण ४५ अंश. म्हणजे आधी निववायचे, मग पुन्हा तापवायचे, किंवा महागडी चिनीमातीची गाळणी घ्यायची. पाण्यात सोडा असतो तो आम्लाने मारावा लागतो, नाहीतर पुढचा रंग धाग्याला भेटण्याआधीच पाण्याशी बंध जोडून मोकळा होतो. कॅल्शियम फेरीगणिक साठत गेला तर छटा मारली जाते. आणि मागे उरलेला रंगाचा घट्ट काढा आटवून, सुकवून, नीट विल्हेवाटीसाठी पाठवावाच लागतो. तो नाहीसा होत नाही, फक्त हजार लिटरचा पन्नास-शंभर लिटर होतो.

सगळ्यात मोठी अडचण आमच्या मते रसायनशास्त्रात नाही. मीठ स्वस्त आहे. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ आपल्या गुजरातेतच पिकते. जी वस्तू पोत्याने स्वस्त मिळते ती वाचवण्यासाठी कुणी महागडे मेम्ब्रेन बसवत नाही. मिठाच्या भावात चोपण झालेल्या जमिनीची किंमत धरलेली नसते. जिथे न्यायालयाने ती धरायला लावली, तिथे यंत्रे बसली.

प्रदर्शनानंतर दोघा-तिघांनी विचारले, आमच्या बोअरचे पाणी कसे तपासायचे? रंग दिसण्यावर जाऊ नका. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्याकडे पेनसारखे टीडीएस मीटर असते, ते पाण्यातले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये दाखवते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरे पाणीच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. आमच्या स्वच्छ पेल्यात ६०,००० होते. क्षार कोणते हे मीटर सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पण आकडा वर्षागणिक चढतो आहे का, एवढे नक्की कळते. असे एक मीटर मंडळाच्या कार्यालयात कपाटावर ठेवले आहे. शेती किंवा बोअर असलेल्या सभासदांनी ते न्यावे, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा मोजावे, आणि तारीख, जागा व आकडा शेजारच्या वहीत लिहून मीटर जागेवर ठेवावे. वहीत आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत.